व्याकरणाच्या संज्ञा आणि आपली वऱ्हाडी

इंग्रजी व्याकरण प्रथमच हाती घेणाऱ्या अमरावती-अकोल्याकडील विद्यार्थ्यास ‘नाउन’, ‘व्हर्ब’, ‘प्रिपोझिशन’ या संज्ञांची जी धास्ती वाटते, ती या संज्ञा आपल्या वऱ्हाडी बोलीवर ताडून पाहिल्या की पुष्कळशी ओसरते.

‘नाउन’ हा शब्द नाव या अर्थाच्या लॅटिन ‘नोमेन’पासून आला, आणि आपले ‘नाम’ त्याचेच सगोत्र आहे. ‘प्रिपोझिशन’चा मूळ अर्थ मात्र ‘आधी ठेवलेले’ असा असून, इंग्रजीत ‘टू अकोला’ म्हणताना ‘टू’ खरोखरच आधी येतो. आपला शेतकरी ‘अकोल्याले जातो’ म्हणतो, तेव्हा ‘ले’ मागून येऊन नामास जडतो, म्हणून तो प्रत्यय. आणि ‘घराजवळ’ यातील ‘जवळ’ हे शब्दयोगी अव्यय. शब्दशः तर्जुमा न करता भाषेचा स्वभाव ओळखून संज्ञा योजण्यातच शास्त्राची कसोटी असते.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले; पुढे भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठीविषयक खंडात वऱ्हाडीचीही नोंद झाली. प्रमाण मराठीतील ‘मला’ आणि वऱ्हाडीतील ‘मले’ ही एकाच विभक्तीची दोन रूपे आहेत. त्यांतील एक शुद्ध व दुसरे अशुद्ध, असे भाषाशास्त्र मानीत नाही.

ज्या वऱ्हाडातील रिद्धपूरच्या महानुभाव पंथीयांनी मराठीस धर्मभाषेचा मान दिला, तेथील शिक्षकांनी इंग्रजी संज्ञा शिकविताना पहिले उदाहरण मुलाच्या तोंडच्या वऱ्हाडीतूनच द्यावे, ही माझी मनःपूर्वक विनंती आहे.