आधी मेनबोर्ड, मग कमान
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी प्रत्येकाला आपल्या कामाविषयी बोलायला सांगितले आहे. माझे दुकान टीव्ही, मिक्सर आणि पंपाचे स्टार्टर दुरुस्त करण्याचे. २७ वर्षे मी जळालेल्या वस्तू उघडून पाहतो आहे. त्यातून जे कळले ते थोडक्यात सांगतो.

ओहमचा नियम आपण सगळ्यांनी पाठ केला होता. हा ओहमही एकेकाळी शाळामास्तरच होता, जर्मनीतल्या कोलोन शहरात. त्याचा ग्रंथ १८२७ साली निघाला. माझे निम्मे दुकान आजही त्याच्या एका सूत्रावर चालते.

साधी लाल एलईडी घ्या. तिला ९ व्होल्टची बॅटरी थेट लावली तर ती लगेच जाते. तिला सुमारे २ व्होल्ट पुरतात. त्यापुढे व्होल्टेज जरा वाढले तरी करंट भराभर वाढतो. तिला स्वतःला आवरता येत नाही, म्हणून मध्ये रेझिस्टर लावायचा. उरलेले ७ व्होल्ट तो घेतो. करंट २० मिलिअँपिअर हवा, तर ७ भागिले ०.०२, म्हणजे ३५० ओहम. बाजारात मिळणारा ३९० ओहमचा लावला की १८ मिलिअँपिअर जातात आणि एलईडी वर्षानुवर्षे टिकते.

व्होल्टेजला आवर घालणारे भाग वेगळे. ५.१ व्होल्टचा झेनर डायोड उलटा जोडला, की तेवढ्या व्होल्टेजपर्यंत तो गप्प बसतो. त्यापुढे वाहू लागतो आणि जादा भार आधीच्या रेझिस्टरवर पडतो. टीव्हीच्या सप्लायमध्ये बहुधा एक गोल चकती दिसते, तिला एमओव्ही म्हणतात. एरवी ती असून नसल्यासारखी. पण न्यूट्रल तुटला आणि २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज आले, की ती करंट आपल्या अंगावर घेते, शॉर्ट होते आणि फ्यूज उडवते. स्वतः जळते, टीव्ही वाचवते.

गिऱ्हाईक मात्र म्हणते, "सारखा फ्यूज उडतोय, जरा जाड तार टाका." मी टाकत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे गेले तरी चालेल. कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधले, तर चोर पळून जात नाही. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. फ्यूजमध्ये जाड तार असेल, तर आधी फ्यूज वितळत नाही, भिंतीतली वायर तापते.

आणखी एक गोष्ट. फ्यूज वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाच्या अंगातून ५०-१०० मिलिअँपिअर गेले तरी जीव जाऊ शकतो, आणि ५ अँपिअरच्या फ्यूजला त्याची खबरही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो का, हे तो पाहत असतो. ३० मिलिअँपिअरचा असेल, तर तेवढी गळती होताच निमिषात सप्लाय तोडतो. त्यावर टेस्टचे बटण असते. आज घरी गेलात की ते दाबून पाहा. सप्लाय गेला नाही, तर दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलवा.

हे सगळे आज सांगण्याचे कारण आहे. काल माईकचे कनेक्शन घेताना मी आपल्या शाळेचा मेनबोर्ड उघडला. आरसीसीबी नाही. एका किटकॅटमध्ये तांब्याची जाड तार पिळून बसवली आहे. पाण्याची मोटर याच बोर्डावर चालते, आणि तिच्या शेजारच्या नळावर मधल्या सुट्टीत पोरे ओल्या हातांनी रांग लावतात. यात कुणाला दोष द्यायचा नाही. नड असेल तेव्हा माणूस हाताशी असेल ते वापरतो.

आपल्या तुकडीच्या वर्गणीतून कमान उभारायचे ठरते आहे. कमान जरूर होऊ दे. पण माझी विनंती आहे, आधी मेनबोर्ड, आरसीसीबी आणि अर्थिंग, मग कमान. सामान वर्गणीतून घेऊ, मजुरी माझी. पावसाळ्याआधी काम पुरे करून देतो. त्या बोर्डावर आपली नावे दिसणार नाहीत, पण पोरे सुखरूप घरी जातील.