काचेला काच घासताना

दुर्बीण म्हटली की डोळ्यांपुढे लांबलचक नळी येते. खरे तर नळी पुठ्ठ्याचीही चालते. परावर्ती दुर्बिणीचा जीव असतो तळाच्या अंतर्गोल आरशात, आणि हा आरसा घरी, हाताने करता येतो. गेली काही वर्षे मी हा उद्योग करतो आहे. घरच्यांच्या भाषेत, काचा घासत बसतो.

सहा इंची जाड काचेच्या दोन चकत्या घ्यायच्या. एक पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची ओली पूड टाकायची आणि दुसरी वर ठेवून पुढे-मागे घासायची. अधूनमधून वरची चकती जराशी फिरवायची, आपणही पिंपाभोवती पाऊलभर सरकायचे. वरची काच मध्यभागी झिजते, खालची कडेला. झिजता झिजता दोन्ही गोलाच्या आकाराला येतात, कारण कुठल्याही दिशेने सरकवली तरी एकमेकींना चिकटून राहतील अशी वक्र पृष्ठे फक्त गोलाचीच. घासणाऱ्याला भूमिती येवो न येवो!

चार फूट नाभीय अंतरासाठी मध्ये खोली लागते जेमतेम १.२ मिलिमीटर. मग बारीक, आणखी बारीक पूड. शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सिरियम ऑक्साइडने पॉलिश. काच लखलखते. नवशिक्याला वाटते, झाले काम. पण ताऱ्याचे किरण नेमके एका बिंदूत यायला गोलाऐवजी पॅराबोलाचा आकार हवा. दोहोंतला फरक अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी!

तो पाहायचा कसा? लिआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये युक्ती काढली. बारीक छिद्रातून येणारा दिव्याचा प्रकाश आरशावर टाकायचा आणि परतणाऱ्या किरणांत दाढीचे पाते हळूच सरकवायचे. आरशावर सावल्या उमटतात, डोंगरदऱ्यांसारख्या. काचेवर क्षणभर अंगठा टेकवून पाहा, उबेने फुगलेली जागा टेकडीसारखी दिसते. म्हणूनच पॉलिश झाल्यावर काच निवेपर्यंत तपासायचे नाही. हे थांबणे घासण्याहून अवघड.

पण तपासणीच चुकली तर? १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा अतिशय गुळगुळीत होता, आकार तेवढा चुकलेला. तपासणीच्या उपकरणातले भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी होते, म्हणून कडेची काच सुमारे दोन मायक्रॉन जास्त घासली गेली. साध्या उपकरणांच्या चाचण्या दोष दाखवत होत्या. त्या कमी भरवशाच्या म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर जाऊन दोष सुधारणारी यंत्रणा बसवावी लागली.

आमच्याकडे अंतराळवीर नाहीत. म्हणून पात्याची चाचणी झाली, तरी मुलामा न दिलेला आरसा मी नळीत बसवून गच्चीवर नेतो. ठळक तारा पकडायचा आणि नेत्रिका नाभीच्या किंचित आत, किंचित बाहेर सरकवायची. दोन्हीकडची वलये सारखी दिसली, तर आरसा ॲल्युमिनियमच्या मुलाम्याला जातो. नाही दिसली, तर पुन्हा पिच, पुन्हा पाणी, पुन्हा पिंपाभोवती फेऱ्या.