न विचारता खणलेला चर

मुळशीचं धरण आपण रोज बघतो. त्याच्या पाण्याखाली आपल्या वाडवडलांची भातखाचरं आहेत.

मुंबईला वीज हवी होती. टाटा कंपनीनं धरण योजलं. मावळ्यांना न विचारता त्यांच्या शेतांत चर खणले. १९२१ साली रामनवमीला मावळे कामावर जाऊन बसले. बायाही मागं राहिल्या नाहीत. पुढारी सेनापती बापट तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत लढा चालला. तरी धरण झालं, गावं बुडाली.

उद्या कुणी रान तोडायला, जमिनीत खोल भोकं पाडायला आलं, तर? विहिरीचं पाणी नासेल. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला रान राखायचा अधिकार दिला आहे. आता आपल्याला वाचता येतं. आलेला कागद ग्रामसभेत मोठ्यानं वाचू. समजल्याबिगर सही करायची नाही.