नकाशांतील माणूस

भूगोल या विषयाचें नांव काढतांच बहुतेक सुशिक्षितांना शाळेंतील पाठांतर आठवतें. नद्यांचे उगम, पर्वतांची उंची, राजधान्यांचीं नांवें आणि कोठें काय पिकतें याच्या याद्या एकदां घोकून परीक्षा दिली, कीं विषयाशीं असलेला संबंध संपला, अशी समजूत रूढ आहे. वास्तविक हा सारा भूगोलाचा कच्चा माल होय. भूगोलाची जी शाखा मनुष्याचा विचार करते, ती मुख्यतः दोन प्रश्न विचारते : अमुक गोष्ट कोठें आहे, आणि ती तेथेंच कां आहे? माणसें कोठें वस्ती करतात, कोठून कोठें जातात, काय पिकवितात, कोणत्या रोगानें कोठें मरतात, या सर्व बाबी या दोन प्रश्नांच्या कक्षेंत येतात. पहिल्या प्रश्नाचें उत्तर नकाशा देतो. दुसऱ्याचें उत्तर तो आपण होऊन देत नाहीं. तें शोधावें लागतें.

मुळांत नकाशा हें भूमीचें यथातथ्य प्रतिबिंब नसतें. पृथ्वी वाटोळी आणि कागद सपाट, त्यामुळें वाटोळ्याचें सपाटीकरण करतांना कांहीं तरी बिघडतेंच. गेरार्डस मर्केटर यानें १५६९ सालीं जो नकाशा काढला, त्यांत खलाशांच्या सोयीसाठीं दिशा व कोन बिनचूक राखले होते. परंतु त्याची किंमत क्षेत्रफळाला द्यावी लागली. त्या पद्धतीच्या नकाशांत ग्रीनलंड हें बेट आफ्रिका खंडाएवढें दिसतें. वास्तविक आफ्रिका त्याच्या सुमारें चौदापट आहे. प्रमाणाचेंही तसेंच. सेंटिमीटरास एक किलोमीटर अशा प्रमाणाच्या नकाशांत गांव, ओढा आणि पायवाट दिसते. भिंतीवरील हिंदुस्थानच्या नकाशांत अख्खें पुणें शहर एका ठिपक्यांत मावतें. तेव्हां प्रत्येक नकाशा म्हणजे एक निवड आहे. काढणारानें काय ठेवलें आणि काय गाळलें, हें वाचणारानें आधीं विचारावें.

नकाशाचें सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्हींचें उत्तम उदाहरण म्हणून लंडनच्या सोहो भागांतील १८५४ सालच्या पटकीच्या साथीकडे बोट दाखविण्यांत येतें. ऑगस्टच्या अखेरीस तेथें साथ भडकली आणि दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. दूषित हवेनें पटकी होते, असें त्या काळच्या बहुसंख्य वैद्यांचें मत होतें. डॉ. जॉन स्नो यांचा संशय पाण्यावर होता. मृत्यूंची घरवार नोंद करून त्यांनीं पुढें जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यांत मृत्यूच्या खुणांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोंवतीं दिसते. परंतु केवळ दाटीनें कांहींच सिद्ध होत नव्हतें. दूषित हवाही तेथेंच सांचली असेल, असें विरोधकांना म्हणतां आलें असतें. स्नो यांच्या युक्तिवादाला बळ आलें तें अपवादांमुळें. पंपाच्या अगदीं जवळ एक मद्याचा कारखाना होता. तेथील कामगार पंपाचें पाणी पीत नसत, आणि त्यांपैकीं कोणी दगावलें नाहीं. शेजारच्या गरीबखान्याला स्वतःची विहीर होती. तेथें पांचशेंहून अधिक माणसें राहत असून मृत्यु अवघे पांच झाले. उलट, दूर हॅम्पस्टेड येथें राहणारी एक वृद्ध विधवा याच साथींत वारली. चौकशींत असें आढळलें, कीं ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडल्यामुळें ती तें रोज गाडीनें मागवीत असे. नकाशानें प्रश्न उभा केला. घरोघर जाऊन केलेल्या विचारपुशीनें त्याचें उत्तर दिलें. ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाचा दांडा काढण्यांत आला.

नकाशावर गोष्टींची जी मांडणी दिसते, तिला भूगोलज्ञ वितरण म्हणतात. वितरणाचे आकार निरनिराळे असतात. कोंकणांतील घरें नारळी-पोफळीच्या आगरांतून वाड्यावाड्यांनीं विखुरलेलीं असतात. घाटावर पाण्याच्या आश्रयानें घरें एकमेकांस चिकटून वसतात आणि शेतें सभोंवार पसरतात. हमरस्त्याच्या कडेनें वाढणारी वस्ती माळेसारखी लांबट होते. असा सारखेपणा जेवढ्या भूमीवर आढळतो, तेवढ्या भूमीला प्रदेश म्हणण्याची प्रथा आहे.

परंतु प्रदेशही एकाच जातीचे नसतात. पहिला प्रकार एकरूप प्रदेशाचा. सह्याद्रि आणि समुद्र यांमधील पाऊस, भात आणि जांभा दगड यांनीं कोंकण एकरूप झालें आहे. दुसरा प्रकार केंद्रानुवर्ती प्रदेशाचा. ज्या गांवांतून मुंबईस दूध, भाजी आणि मनुष्यबळ जातें, तीं रूपानें वेगवेगळीं असलीं तरी मुंबई या एका केंद्राशीं बांधलेलीं असतात. आठवड्याच्या बाजाराला येणारीं भोंवतालचीं खेडीं हें याच प्रकाराचें लहानसें रूप होय. तिसरा प्रकार लोकांच्या मनांतला. ‘देश’, ‘मावळ’ हीं नांवें कोणत्याही सरकारी हुकुमानें पडलेलीं नाहींत. त्यांच्या सीमा कोठें सुरू होतात याविषयीं दोन शेजाऱ्यांचेंही एकमत होणार नाहीं. तरीही या नांवांना सोयरिकींत, बोलींत आणि जेवणांत अर्थ असतो. याखेरीज जिल्हा आणि तालुका या राज्यकारभाराच्या सीमा आहेतच. त्या बदलतात, १९८१ च्या १ मे रोजीं रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. डोंगर, नदी वा माणूस तसूभरही हललें नाहीं, परंतु त्या दिवसापासून सर्व आंकडे निराळ्या दोन रकान्यांत पडूं लागले.

आतां या कल्पनांचा उपयोग एका खऱ्या नकाशावर करून पाहावा. २०११ सालच्या शिरगणतींत महाराष्ट्रांत दर हजार पुरुषांमागें ९२९ स्त्रिया आढळल्या. श्रोत्यांनीं जिल्हावार नकाशा डोळ्यांपुढें आणावा. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यांत हजार पुरुषांमागें ११२२ आणि सिंधुदुर्गांत १०३६ स्त्रिया होत्या. मुंबई शहर जिल्ह्यांत त्या ८३२ च होत्या, आणि मराठवाड्यांतील बीड जिल्ह्यांत ९१६. एवढेच आंकडे पाहून कोणी म्हणेल, कीं स्त्रीच्या कल्याणाच्या दृष्टीनें रत्नागिरी श्रेष्ठ, बीड मध्यम आणि मुंबई कनिष्ठ. हा निष्कर्ष सरळ दिसतो आणि सपशेल चुकीचा आहे.

रत्नागिरींत स्त्रिया अधिक जन्मतात असें नाहीं. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा रकाना पाहिला, तर तेथेंही मुलांपेक्षां मुलींची संख्या कमीच आहे. स्त्रियांचा आधिक्य-रंग येतो तो पुरुष तेथून गेल्यामुळें. १८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला गेला आणि पुढें कोंकणांतील तरुण आगबोटीनें गिरणगांवाची वाट चालूं लागले. एका खोलींत अनेकांनीं पाळीपाळीनें झोपावें, खाणावळींत जेवावें, दर महिन्यास घरीं मनीऑर्डर धाडावी आणि गणपतीला वा शिमग्याला गांव गांठावें, असा त्यांचा क्रम असे. बायको, म्हातारीं माणसें आणि चार गुंठे भातशेती गांवींच राही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला, तरी मुंबईकडे जाणारी वाट मोडली नाहीं. रत्नागिरीचे ११२२ आणि मुंबईचे ८३२ हे दोन आंकडे अशा रीतीनें बऱ्याच अंशीं एकाच घटनेचीं दोन टोंकें आहेत. मुंबईचा आंकडा स्त्रियांचा अभाव सांगण्यापेक्षां बाहेरून आलेल्या पुरुषांची गर्दी सांगतो.

बीडची गोष्ट वेगळी आहे. हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. महाबळेश्वरीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस वाईला उतरलें, कीं तीस-पस्तीस किलोमीटरांच्या आंतच तो एक हजारांच्याही खालीं येतो, आणि पुढें पठारावर मैलोगणती पावसाचा भरंवसा नसतो. बीडमधूनही माणसें बाहेर जातात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं बैलगाड्या आणि ट्रक भरून कुटुंबें पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघतात. परंतु तेथील मजुरीचा हिशेब ‘कोयत्या’वर असतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पुरुष एकटा जात नाहीं. म्हणून बीडचें स्थलांतर शिरगणतीच्या नकाशावर कोंकणासारखा ठसा उमटवीत नाहीं.

बीडचा खरा ठसा दुसऱ्याच रकान्यांत आहे. सहा वर्षांपर्यंतच्या वयांत दर हजार मुलग्यांमागें २००१ सालीं तेथें ८९४ मुली होत्या. २०११ सालीं त्या ८०७ उरल्या. राज्यांतील हा सर्वांत खालचा आंकडा होता. निसर्गक्रमानें हजार मुलग्यांमागें सुमारें ९५० मुली जन्मास येतात. म्हणजे दर हजारीं सुमारें १४० मुली हिशेबांतून नाहींशा झालेल्या. सहा वर्षांच्या आंतील मूल एकटें नोकरीसाठीं परगांवीं जात नाहीं. तेव्हां येथें स्थलांतराचें कारण लागूं पडत नाहीं. गर्भाचें लिंग जाणून मुलगी नको म्हणणें आणि जन्मलेल्या मुलीच्या दुखण्याकडे कानाडोळा करणें, हींच या रिकाम्या जागेचीं कारणें होत. यावर कायदा नव्हता असें नाहीं. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालींच केला होता, आणि १९९४ सालीं तो सर्व देशासाठीं झाला.

एकाच नकाशावर दोन जिल्ह्यांना फिका रंग भरलेला असावा, आणि एकाचा अर्थ पोटासाठीं आलेला पुरुष, दुसऱ्याचा अर्थ न जन्मलेली मुलगी असा निघावा, यांत मानवी भूगोलाचें सारें शिक्षण आलें. सारखा रंग म्हणजे सारखें कारण नव्हे. शिवाय राज्याची सरासरी पाहणाराला रत्नागिरीही दिसत नाहीं आणि बीडही दिसत नाहीं. कोंकणांतील अधिक आंकडा आणि इतरत्रची तूट एकमेकांत मिसळून ९२९ असा एक सौम्य आंकडा तयार होतो. सीमा जेथें आंखावी त्याप्रमाणें सत्य उघडें पडतें वा झांकलें जातें. म्हणूनच शाळा, दवाखाने आणि दुष्काळी कामें यांची योजना करणारानें कोणत्या प्रमाणाचा नकाशा समोर घेतला आहे, हा प्रश्न कागदी राहत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींतील फ्रीड्रिख राट्झेल यांनीं मनुष्यजीवनावर भूमीचा प्रभाव किती खोल असतो यावर भर दिला. त्यांच्या अनुयायांनीं तो एवढा ताणला, कीं माणूस म्हणजे हवापाण्याच्या हातचें बाहुलें ठरावें. फ्रान्समधील व्हिदाल द ला ब्लाश यांची विचारसरणी वेगळी होती : निसर्ग शक्यता पुढें ठेवतो आणि त्यांतून निवड माणूस करतो. वर दिलेलीं उदाहरणें याच मताला पुष्टि देतात. कोंकणांत पाऊस भरपूर, तरी पुरुष बाहेर गेले. बीडांत पाऊस अपुरा, म्हणून कुटुंबें बाहेर पडलीं. परंतु मुलींच्या रकान्यांतील तूट कोणत्याही ढगानें पाडलेली नाहीं. पर्जन्यछाया सह्याद्रीनें घातली. ही दुसरी छाया घरांनीं घातली आहे, आणि ती दूर करणें घरांच्याच हातीं आहे.