पदन्यास आणि रंगमंचाची पायरी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या मंडळाचे हे जयपूर नगर दोन पावलांसाठी विख्यात आहे. एक, कथकच्या जयपूर घराण्याचा दमदार पदन्यास. दुसरे, ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी व कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो येथे घडविला. परदेशी बनावटीच्या पायाला बूट लागे, त्याने उकिडवे बसता येत नसे. रबर आणि लाकूड यांचा हा लवचिक पाय मात्र अनवाणी चालणाऱ्या, जमिनीवर बसून जेवणाऱ्या माणसासाठी होता.

त्याला रंगमंचावर मानाचे स्थान मिळवून दिले सुधा चंद्रन यांनी. १९८१ साली तामिळनाडूतील बस-अपघातानंतर त्यांचा उजवा पाय कापावा लागला. डॉ. सेठींकडून कृत्रिम पाय घेऊन १९८४ मध्ये त्या पुन्हा भरतनाट्यम् करू लागल्या. पुढे ‘मयूरी’ या तेलुगू आणि ‘नाचे मयूरी’ या हिंदी चित्रपटांत स्वतःचीच भूमिका त्यांनी केली.

या धैर्याचे कौतुक सर्वांनी केले. त्यामागील कलासाधनेकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. भरतनाट्यमात गुडघे दुमडलेले असतात आणि तळव्याचा आघात स्वच्छ पडावा लागतो. कृत्रिम तळव्याला भूमीचा स्पर्श कळत नाही. भार कोठे पडला हे मांडीने व कमरेने ओळखावयाचे, आघात वेळेवर पडला की नाही हे कानाने. हे रियाजानेच साधते; कोणाच्या दयेने नव्हे.

नाट्यशास्त्राने शिर, हस्त, उर, पार्श्व, कटी आणि पाद अशी सहा अंगे सांगितली. पाद हे त्यांतील एक. गुरू सय्यद सलाउद्दीन पाशा यांनी चाकांच्या खुर्चीवरील नृत्यरचना सादर केल्या, तेव्हा खुर्चीचे गरगर फिरणे हीच भ्रमरी झाली.

म्हणून रसिकांस आमची विनंती अशी : धैर्याला एकदा टाळी द्यावी, मग नृत्याकडे नृत्य म्हणून पाहावे. सम साधली तर दाद द्यावी. चुकली तर चुकली म्हणावे. तो कलावंताचा अधिकार आहे.

आणि मंडळास विनंती अशी की, सुवर्णमहोत्सवी निधीतून नवा पडदा घेण्यापूर्वी रंगमंचाकडे जाणारा उतार बांधावा. एक फूट उंचीस बारा फूट उतार, या हिशेबाने तीन फूट उंच मंचास छत्तीस फूट लागतील. जागा जाईल, खर्चही होईल. परंतु २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सांस्कृतिक जीवनातील सहभागाचा हक्क मान्य केला असला, तरी पायऱ्यांपाशी थांबलेल्या कलावंतास तो केवळ कागदावरच आहे.

येत्या गणेशोत्सवात त्या उतारावरून कोणी नर्तकी मंचावर आली, तर कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव इतरांच्याच ओळीत छापावे. मागेपुढे विशेषण नको.