उघडी गाडी आणि कापडावरचं नाव



मी पवनीचा. भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठचं हे हातमागाचं जुनं गाव. आज मी बोलणार आहे एका इटालियन मोटारसायकलविषयी. पवनीच्या कवीला हे काय सुचलं, असं तुम्ही म्हणाल. पण या गाडीवर एका कापडवाल्याचं नाव आहे, आणि कापडाचा विषय निघाला की पवनीकराला दोन शब्द बोलायचा हक्क आहे.

गाडी डुकाटी कंपनीची, नाव ‘डियावेल डिझेल’. या डिझेलचा इंधनाशी संबंध नाही, गाडी पेट्रोलवरच चालते. डिझेल ही रेन्झो रोस्सो यांनी १९७८ साली इटलीत सुरू केलेली, जीन्ससाठी प्रसिद्ध असलेली कंपनी. आणि डियावेल म्हणजे बोलोन्या शहराच्या बोलीत सैतान. २०१७ मध्ये ही गाडी आली. जगभरासाठी तिचे फक्त ६६६ नग काढले. बायबलमध्ये ६६६ हा श्वापदाचा आकडा मानतात. सैतानाच्या नावाला शोभेल असाच तो निवडलेला. त्याच वर्षी ती भारतातही विक्रीला आली. किंमत सुमारे वीस लाख रुपये!

आपण रेडिओवर बोलतो आहोत म्हणून आणखी एक गंमत सांगतो. डुकाटीची सुरुवात गाड्यांपासून झालेली नाही. १९२६ साली बोलोन्यात ही कंपनी निघाली ती रेडिओचे सुटे भाग बनवायला. दुसऱ्या महायुद्धात तिच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. युद्धानंतर लोकांना स्वस्त वाहन हवं होतं, तेव्हा तिनं सायकलला जोडायचं एक छोटं इंजिन बनवायला घेतलं. त्याचं नाव ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. पिल्लाचा पुढे सैतान झाला, तो असा.

मोटारसायकलींमध्ये ‘नेकेड’ म्हणून एक जात आहे. शर्यतीच्या गाडीला वारा कापण्यासाठी समोरून, बाजूंनी प्लास्टिकचं आवरण असतं. ते काढून टाकलं की इंजिन, नळ्या, सांगाडा सगळं उघडं दिसतं. डुकाटीनं १९९३ साली बाजारात आणलेली ‘मॉन्स्टर’ ही या जातीतली नावाजलेली गाडी. तिचा आराखडा मिगेल गालुत्सी यांचा. २०१२ मध्ये याच मॉन्स्टरची डिझेल आवृत्ती निघाली, लष्करी गणवेशासारख्या मळकट हिरव्या रंगाची. डियावेल ही मॉन्स्टरपेक्षा लांब आणि भारदस्त, पण इंजिन तिचंही उघडंच. म्हणजे पाहा, जी गाडी अंगावर कपडा घालत नाही, तिलाच कपडेवाल्याचं नाव!

मला वाटलं होतं, कापड कंपनीनं हात लावला म्हणजे गाडी गुळगुळीत, चकचकीत असेल. झालं उलटंच. डियावेल डिझेलवरचं पोलाद हातानं घासून त्याची चमक मारली आहे. वेल्डिंगचे सांधे आणि रिव्हेट मुद्दाम दिसू दिले आहेत. हात फिरल्याची खूण राहावी आणि त्या खुणेचेच पैसे मिळावेत, हा त्यामागचा हिशेब. जीन्सवाल्यांना तो चांगला ठाऊक आहे. नवी पँट विटकी करून ती नव्यापेक्षा महाग विकायची कला त्यांचीच.

आमच्याकडे हिशेब वेगळा. भंडारा-नागपूरकडची करवती काठाची साडी तुम्ही पाहिली असेल. अंग कोशाचं, आणि काठावर करवतीच्या दातांची ओळ. हे दात छापलेले नसतात. दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, असे तीन धोटे चालवत, काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत ते विणावे लागतात. दिवसभरात कापड वीतभर पुढे सरकतं. पण कुठे एखादा धागा जाड आला, हाताची खूण उमटली, की व्यापारी तिला खोट म्हणतो आणि मजुरी कापतो. तिकडे हाताची खूण किंमत वाढवते, इकडे तीच घटवते. माल तोच, हातही माणसाचाच. मग फरक कशात? फरक नावात आहे.

करवती साडीला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हातमागाच्या कापडाला २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. चांगलंच झालं. त्यानं कापड कुठलं ते कळतं, हातानं विणलंय ते कळतं. कोणाच्या हातानं, ते मात्र कळत नाही. अर्थात त्या डुकाटीवरही दोन कंपन्यांचीच नावं आहेत, पोलाद घासणाऱ्याचं नाही. पण जर्मनीत मर्सिडीजच्या ‘एएमजी’ मोटारींत इंजिनावर एक पट्टी असते आणि तिच्यावर ते इंजिन जोडणाऱ्या कारागिराची सही असते. म्हणजे हे अशक्य नाही.

आणि पवनीला तर हे नवंही नाही. १९६९-७० साली आमच्याकडे जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं. दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्या साध्या माणसांची नावं कोरलेली आहेत. एखादा खांब देणाऱ्याचं नाव आजही वाचता येतं. त्याच गावात आयुष्यभर कापड विणून गेलेल्या माणसाचं नाव एका धाग्यावरही नाही.

आम्हा कवींचं बरं असतं. गझलेच्या शेवटच्या शेरात आपलं नाव गुंफता येतं, अभंगाच्या शेवटी संतांचं नाव येतं. कबीर तर जातीनं विणकर. त्यांनी विणलेलं कापड केव्हाच विरलं. नाव राहिलं ते दोह्यांमुळे. ज्या विणकराला दोहा येत नाही, त्यानं काय करायचं?

माझं मागणं छोटं आहे. साडीच्या पदराच्या आतल्या कोपऱ्यात बोटभर चिठ्ठी शिवावी. तीवर विणणाऱ्याचं नाव, गाव आणि विणायला लागलेले दिवस असावेत. एवढ्यानं मजुरी लगेच वाढेल असं नाही. पण पुढच्या वेळी कोणी दुकानात येऊन ‘त्यांच्याच हातची दुसरी दाखवा’ म्हणाला, तर व्यापाऱ्याला त्या विणकराचं दार शोधावं लागेल. आणि दार ठोठावणाऱ्याशी भाव करता येतो.

तुम्ही पुढची साडी घ्याल तेव्हा दुकानदाराला एवढंच विचारा, ‘ही विणली कोणी?’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)