गाडी विजेची, दुरुस्ती कोणाची?

नागपुरातली धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती. इथल्या गजबजलेल्या रस्त्यावर विजेवरची दुचाकी अचानक बंद पडली, तर नेहमीच्या मिस्त्रीचे पाने-पकड फारसे कामी येत नाहीत.

मोटरचं दुखणं त्यातल्या त्यात सोपं. चाकातल्या मोटरमध्ये सहसा तीन हॉल सेन्सर असतात. एखादा गेला की गाडी हिसके देते किंवा जागची हलत नाही. हा सेन्सर स्वस्त असतो आणि जाणकार कारागीर तो बदलू शकतो.

बॅटरीची गोष्ट वेगळी. अनेक लिथियम सेल जोडून ती बनते. त्यातला एक गट कमजोर झाला, तरी बॅटरीवर पहारा ठेवणारं सर्किट, म्हणजे बीएमएस, अख्खा पॅक बंद करू शकतं. त्यात नागपूरचा मे महिना! पारा ४५ अंशांवर जातो आणि उष्णतेनं सेल लवकर झिजतात. असा पॅक गल्लीत उघडणं धोक्याचं आहे. म्हणूनच सुटे भाग आणि प्रशिक्षित माणूस पुरवणं ही कंपनीचीच जबाबदारी ठरते.

ती पाळली नाही तर काय होतं, हे २०२४ मध्ये दिसलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ओला इलेक्ट्रिकविरुद्ध वर्षभरात १०,०००हून अधिक तक्रारी आल्या आणि ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कंपनीला नोटीस बजावली.

या हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रार करताना बिल, वॉरंटीचा कागद आणि सर्व्हिस सेंटरची पावती जवळ असावी.